इंडस्ट्रियल ट्रेनिंगला चाललाय? एक जॉब धरा आणि शेवटपर्यंत सोडू नका

मे महिना लागला की आमच्या शॉपच्या (म्हणजे मशीनचं काम चालणाऱ्या कारखान्याच्या) गेटवर पोरं यायला लागतात. हातात कॉलेजचं लेटर, पाठीला बॅग, आणि वॉचमनला विचारतात, "काका, ट्रेनिंगसाठी कोणाला भेटायचं?" मी भोसरी एमआयडीसीत क्वालिटीला आहे, डिप्लोमा मेकॅनिकल करून लागलो त्याला आता पंधरा वर्षं होतील, आणि गेली बरीच वर्षं ही ट्रेनिंगची पोरं माझ्याच गळ्यात असतात. दरवर्षी एक गोष्ट बघतो. त्याच शॉपमध्ये, त्याच माणसांत, तेवढेच दिवस काढून एक पोरगा पोतंभर शिकून जातो आणि दुसरा नुसतं सर्टिफिकेट घेऊन जातो. हुशारीचा फरक नसतो बरं का. पहिल्याला कोणीतरी आधी सांगितलेलं असतं की तिथं जाऊन नेमकं करायचं काय, दुसऱ्याला कोणी सांगितलेलंच नसतं. म्हणून हे लिहितोय. आणि वर जॉब म्हटलंय तो नोकरी नव्हे, शॉपमध्ये मशीनवर बनणारा पार्ट.

माझं स्वतःचं ट्रेनिंग वाया गेलं होतं. नाव मोठं असलेली कंपनी मिळाली, घरी सगळे खूश, आणि मला बसवलं ऑफिसच्या कोपऱ्यात फायलींना नंबर टाकायला. शॉपवर जायचं तर परमिशन लागायची आणि परमिशन देणारा माणूस कायम मीटिंगला. मीही कधी नेटाने मागितली नाही. शेवटी छान जाड कागदाचं सर्टिफिकेट मिळालं. पहिल्याच इंटरव्ह्यूला एका साहेबांनी हातात शाफ्ट दिला, ड्रॉइंग दिलं आणि म्हणाले, "हा ओके आहे का सांग." समोर व्हर्नियर पण होता आणि मायक्रोमीटर पण. कशाने मोजायचं तेच मला ठरवता येईना. ते रागावले नाहीत, फक्त ड्रॉइंग परत घेतलं. तो क्षण अजून आठवतो.

आता के स्कीमला, म्हणजे नव्या अभ्यासक्रमाला, एमएसबीटीईने (राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाने) इंटर्नशिप बारा आठवड्यांची केली आहे, आधी जुन्या आय स्कीमला चौथ्या सेमनंतर सहा आठवडे होतं. बारा आठवडे म्हणजे जवळजवळ तीन महिने. एवढ्या वेळात माणूस एक मशीन नीट ओळखायला लागतो, त्यामुळे हे दिवस फायलींत घालवू नका.

कंपनी कशी शोधायची

सगळ्यांना मोठं नाव पाहिजे असतं आणि मी समजू शकतो, घरच्यांना सांगायला बरं वाटतं. मोठ्या कंपनीत शिस्त बघायला मिळते, सेफ्टी बघायला मिळते, लाइन कशी चालते ते कळतं. पण मशीनला हात लावायला मिळेलच असं नाही. वीस-पंचवीस माणसांच्या छोट्या शॉपमध्ये ड्रॉइंग, सेटिंग, इन्स्पेक्शन, डिस्पॅच सगळं एकाच छताखाली असतं आणि मालक स्वतः शॉपवर फिरत असतो. माझं स्पष्ट मत आहे की डिप्लोमाच्या पोरांनी पहिलं ट्रेनिंग छोट्या किंवा मध्यम शॉपमध्ये करावं, मोठ्या कंपनीत अप्रेंटिस म्हणून नंतर जाता येतं.

शोधायचं कसं? सिनियरला विचारा, कॉलेजच्या टीपीओ (ट्रेनिंग-प्लेसमेंट बघणाऱ्या) सरांना विचारा, पण तेवढ्यावर थांबू नका, चालत फिरा. दोघं-तिघं मिळून एमआयडीसीचा एक ब्लॉक धरायचा आणि बोर्ड वाचत जायचं. आमच्या भोसरी-पिंपरी भागात गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते, त्यामुळे गुरुवारी बस भाडं घालवून येऊ नका, दुसऱ्या शहरात असाल तर तिथला वार आधी विचारून घ्या. शिफ्ट बदलायच्या वेळेला जाऊ नका, तेव्हा कोणाला बोलायला वेळ नसतो. सकाळी अकराच्या आसपास गेलं की सकाळची घाई संपलेली असते. छोट्या शॉपमध्ये एचआर नसतो, थेट मालक किंवा प्रॉडक्शन बघणाऱ्या साहेबांना भेटायचं म्हणा. बोलताना "सर, कुठेही ठेवा" असं म्हणू नका. "सर, मला टर्निंग आणि इन्स्पेक्शन शिकायचंय, साफसफाईपासून सगळं करीन" असं सांगा. काय पाहिजे ते माहीत असलेला पोरगा लगेच लक्षात राहतो.

जागा मिळाली की हो म्हणायच्या आधी चार गोष्टी विचारून घ्यायच्या आणि त्यात लाजायचं काही नाही: कुठल्या डिपार्टमेंटला ठेवणार, रोज कोणाला रिपोर्ट करायचं, सेफ्टी शूज कंपनी देणार की आपण आणायचे, आणि काही लागलं-बिगलं तर इन्शुरन्स आहे का. मुलींनी बस, चेंजिंग रूम आणि सुट्टीची वेळ हे पण आधीच स्पष्ट विचारावं. चांगली कंपनी या प्रश्नांना सरळ उत्तर देते.

आणि एक हात जोडून सांगतो, ट्रेनिंगसाठी पैसे देऊ नका. एजंट असतात, "दोन-चार हजार द्या, घरबसल्या सर्टिफिकेट देतो" म्हणतात. घेणारी पोरं वाईट नसतात, कोणाच्या घरी अडचण असते, कोणी गावाकडे उन्हाळ्यात शेतावर लागतो, मला कळतं. पण ते सर्टिफिकेट तुमच्या वडिलांच्या घामाच्या पैशाचं असतं आणि इंटरव्ह्यूच्या तिसऱ्या प्रश्नाला उघडं पडतं. गावाकडेच राहायचं असेल तर तालुक्याच्या एमआयडीसीत बघा, साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये विचारा, उन्हाळ्यात गाळप बंद असतं आणि सगळी मशिनरी खोलून मेंटेनन्स चालू असतो. पंप, गिअरबॉक्स, बेअरिंग उघडं बघायला यासारखी वेळ नाही.

पहिला आठवडा

पहिल्या आठवड्यात शिकायचं म्हणजे अंगावर काही ओढवून न घेता वावरायला शिकायचं. सेफ्टी शूज घालूनच आत पाय टाका. कडं, अंगठी, गळ्यातली चेन, हातातला गंडा-दोरा सगळं घरी ठेवा. शर्टाच्या बाह्या लोंबत्या नकोत, केस मोठे असतील तर घट्ट बांधून टोपीच्या आत. फिरत्या मशीनवर, म्हणजे लेथ, ड्रिल, हातमोजे घालून काम करायचं नाही, नव्या पोराला वाटतं मोजे म्हणजे सेफ्टी, पण फिरता जॉब मोजा पकडतो आणि मोज्याबरोबर हात ओढतो. बर, म्हणजे कापताना निघणारा धातूचा कीस, हाताने ओढायची नाही, हूक असतो. कपड्यावरची धूळ उडवायला कॉम्प्रेस्ड एअर अंगावर मारायची नाही. इमर्जन्सी स्टॉप कुठे आहे ते प्रत्येक मशीनपाशी आधी बघून ठेवा.

मोबाइल गेटवर जमा करायला सांगतील, वाईट वाटून घेऊ नका. कस्टमरचं ड्रॉइंग गोपनीय असतं, फोटो काढला तर शॉपचं काम जाऊ शकतं. वहीत हाताने स्केच काढायचं असेल तरी आधी विचारा.

एक जॉब धरा

हा या सगळ्या लिखाणातला मुख्य मुद्दा आहे. बहुतेक पोरं करतात काय, आठवडाभर सीएनसीला (प्रोग्रामवर चालणारं लेथ), आठवडाभर व्हीएमसीला (प्रोग्रामवर चालणारं मिलिंग मशीन), मग क्वालिटी, मग स्टोअर, असं फिरतात, सगळीकडे थोडं थोडं बघतात आणि शेवटी काहीच धड सांगता येत नाही. मी आलेल्या प्रत्येकाला पहिल्या सोमवारी सांगतो, शॉपमध्ये फिर आणि एक जॉब निवड. साधा घे. एखादा शाफ्ट घे, बुश घे. आणि तो बार स्टॉकपासून गाडीत चढेपर्यंत त्याच्या मागे जा.

समजा शाफ्ट घेतला. मटेरियल ईएन८, म्हणजे मध्यम कार्बनचं स्टील. बार आला तेव्हा सोबत मिलचं टेस्ट सर्टिफिकेट आलं का, त्यावरचा हीट नंबर (स्टीलच्या ओतणीचा नंबर) बारवरच्या नंबरशी जुळतो का, ते स्टोअरवाल्याबरोबर उभं राहून बघायचं. मग बँडसॉवर कटिंग, कटिंगला लांबी थोडी जास्त का ठेवली ते विचारायचं. मग फेसिंग-सेंटरिंग, टर्निंग, हीट ट्रीटमेंटला बाहेर गेला असेल तर चलन कसं बनतं, परत आल्यावर हार्डनेस कोण बघतं, टर्निंगला ग्राइंडिंगसाठी किती मटेरियल ठेवलं होतं आणि तेवढंच का. मग ग्राइंडिंग, फायनल इन्स्पेक्शन, गंज लागू नये म्हणून तेल, पॅकिंग. प्रत्येक ठिकाणी दोनच प्रश्न विचारायचे: इथं काय चुकू शकतं, आणि चुकलं तर कुठे कळतं. या दोन प्रश्नांत सगळं इंजिनिअरिंग येतं असं मला आता वाटतं. एका जॉबचं हे पूर्ण कळलं की दुसरा जॉब निम्म्या वेळात कळतो.

मागच्या वर्षीचा एक प्रसंग सांगतो. आमच्याकडे एक जॉब आहे, ५० एमएम डायमीटर, एच७ लिमिटचा शाफ्ट, छोट्या अक्षरातला एच, म्हणजे साइज ५०.००० ते ४९.९७५ च्या मध्ये पाहिजे. पंचवीस मायक्रॉनची जागा, मायक्रॉन म्हणजे एमएमचा हजारावा भाग. एक ट्रेनी सीएनसीवर आमच्या मामांबरोबर होता. मामा म्हणजे ऑपरेटर, वीस वर्षांचा हात, शिक्षण दहावी. तो जॉब ड्राय कटिंगचा आहे, थंड करायला कूलंट नाही. मशीन थांबलं, पोराने जॉब काढला, फडक्याने पुसला, डिजिटल मायक्रोमीटर लावला, आलं ५०.००६. तो धावत म्हणाला, "मामा, ओव्हरसाइज! ऑफसेट कमी करू?" ऑफसेट म्हणजे मशीनमध्ये भरलेला टूलचा आकडा, तो बदलला की जॉबची साइज बदलते. मामांनी त्याच्या हातातून जॉब घेतला, सरफेस प्लेटवर ठेवला आणि म्हणाले, "चहा घेऊन ये, मग मोज." चहा झाल्यावर मोजला तर ४९.९९४. जॉब ओके. बारा मायक्रॉन कुठे गेले ते त्याला कळेना.

मग मी त्याला आकडेमोड करायला लावली. स्टील एका मीटरला एका डिग्रीमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं, हे पुस्तकात आहे, त्याने परीक्षेत पण लिहिलं होतं. ५० एमएमला वीस डिग्री जास्त तापलेला जॉब म्हणजे साडेअकरा मायक्रॉन. वहीवर उत्तर आलं तसा तो मामांकडे बघायला लागला. त्या क्षणाला त्याचं ट्रेनिंग खरं सुरू झालं असं मी मानतो. त्याने तिथंच ऑफसेट कमी केला असता तर पुढचे जॉब विनाकारण खालच्या लिमिटकडे सरकले असते, आणि गरम जॉब मोजून रोज असंच करत राहिला असता तर कधीतरी अंडरसाइज झालेच असते, आणि अंडरसाइज शाफ्टवर परत मटेरियल येत नाही, तो सरळ स्क्रॅप. मोजमापाचं स्टँडर्ड टेंपरेचर वीस डिग्री का धरतात हे वर्गात वाचलेलं वाक्य त्याला त्या दिवशी कळलं.

तसंच व्हर्नियरचं. त्याचा लीस्ट काउंट, म्हणजे मोजता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२ एमएम म्हणजे वीस मायक्रॉन, आणि जागा आहे पंचवीस मायक्रॉनची. त्याने हा जॉब ओके-रिजेक्ट ठरवताच येत नाही, मायक्रोमीटरच पाहिजे. माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूत मला एवढंच सांगायचं होतं.

ऑपरेटरकडून शिकायचं कसं

साहेब लोक तुम्हाला प्रोसेस सांगतील, पण हाताला काय लागतं ते ऑपरेटरच सांगेल. इन्सर्ट (टूलची कापणारी टीप) गेला हे आवाजावरून कसं ओळखायचं, बरचा रंग निळा पडायला लागला की काय समजायचं, चकचे, म्हणजे जॉब धरणाऱ्या पकडीचे, जॉ घट्ट आवळले तर पातळ बुश चक मधून काढल्यावर गोल का राहत नाही, हे सगळं त्यांच्याकडे असतं. त्यांना मामा म्हणा, दादा म्हणा, काका म्हणा, जे शॉपमध्ये चालतं ते, पण मान देऊन बोला. मला डिप्लोमा आहे आणि यांना नाही हे डोक्यात ठेवून गेलात तर ते ओळखतात आणि गप्प बसतात.

त्यांच्यावर प्रॉडक्शनचं टार्गेट असतं हे विसरू नका. सेटिंग चालू असताना किंवा फर्स्ट पीस निघताना प्रश्न विचारायचे नाहीत, नुसतं बघायचं. सायकल चालू झाली की दोन-तीन मिनिटं मिळतात, तेव्हा एक प्रश्न. बाकीचे चहाच्या सुट्टीला. आधी बर काढा, ट्रे उचला, जॉब पुसून लावून ठेवा, रीडिंग लिहून द्या. आठवड्याभरात मामा स्वतःहून हाक मारतात, "ये रे, आज टूल बदलायचाय, बघ."

आणखी एक जागा आहे जिथं ट्रेनी सहसा जात नाहीत, ती म्हणजे लाल बिन. रिजेक्ट झालेला माल तिथं पडतो. रोज शिफ्ट संपताना पाच मिनिटं तिथं उभे राहा, एक जॉब उचला, टॅग वाचा, कशामुळे गेला ते शोधा. ओके माल बघून जेवढं कळत नाही तेवढं रिजेक्शन बघून कळतं. फक्त विचारून उचला, आणि तो जॉब चुकूनही ओके मालात ठेवू नका.

डायरी

कॉलेजला डायरी द्यायची असते म्हणून पोरं शेवटच्या रविवारी बसून एकमेकांची उतरवतात. "आज सीएनसी मशीनची माहिती घेतली." असलं लिहून काय उपयोग, ते तर कंपनीत न येता पण लिहिता येतं. आकडा, कारण आणि एक प्रश्न, एवढं रोज लिहा. त्या ट्रेनीच्या वहीतलं पान मी ठेवून घेतलंय, त्यात असं आहे: "शाफ्ट ५० एच७. गरम असताना ५०.००६, चहानंतर ४९.९९४. फरक १२ मायक्रॉन. कारण टेंपरेचर. प्रश्न: पावसाळ्यात आणि मे महिन्यात शॉपचं टेंपरेचर वेगळं, मग मास्टर पण तापतो का?" हा प्रश्न वाचून मला खूप बरं वाटलं होतं. मास्टर म्हणजे मोजायचं साधन सेट करायचा प्रमाण तुकडा, तोसुद्धा तापतो, म्हणून मास्टर आणि जॉब एकाच ठिकाणी बराच वेळ ठेवून मग मोजायचं.

दुसऱ्या ब्रँचवाल्यांना पण हेच लागू. सिव्हिल असेल तर एक कॉलम धरा, बार बेंडिंग शेड्यूलपासून सुरुवात करा, कव्हर ब्लॉक बघा, काँक्रीट आलं की स्लंप (ते किती पातळ आहे ते) बघा, १५० एमएमचे क्यूब भरताना उभे राहा आणि सात दिवसांचा रिझल्ट स्वतः घेऊन या, बारा आठवडे असतील तर अठ्ठावीस दिवसांचा पण मिळेल. इलेक्ट्रिकलवाल्यांनी एक पॅनल धरावं, ड्रॉइंगपासून टेस्टिंगपर्यंत. कॉम्प्युटरच्या पोरांचं मला फार कळत नाही, पण माझा भाचा त्यात आहे, तो सांगतो की एक बग पकडून तो का आला इथपासून तो रिलीज होईपर्यंत मागे राहायचं.

पास झाल्यावर

डिप्लोमा-डिग्री झाली, ट्रेनिंग वाया गेलं होतं, आता काय, असं बरेच जण विचारतात. त्यांच्यासाठी अप्रेंटिसशिप, म्हणजे कंपनीत स्टायपेंड घेऊन काम शिकायचं काँट्रॅक्ट, आहे आणि तिला कमी समजू नका. अप्रेंटिसेस अॅक्ट १९६१ चा आहे, आधी तो आयटीआय ट्रेडपुरता होता, १९७३ च्या दुरुस्तीने डिग्री-डिप्लोमावाले त्यात आले. २०१९ च्या नियमांत किमान स्टायपेंड महिन्याला डिग्रीला ९,००० आणि डिप्लोमाला ८,००० रुपये धरला होता, जॉइन करताना चालू दर पोर्टलवर बघा, बऱ्याच कंपन्या यापेक्षा जास्त देतात. डिग्री-डिप्लोमाचं रजिस्ट्रेशन नॅट्स (केंद्राच्या अप्रेंटिसशिप ट्रेनिंग योजनेच्या) पोर्टलवर, आपल्या पश्चिम विभागाचं बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंग मुंबईत सायनला आहे. आयटीआयवाल्यांचं वेगळ्या पोर्टलवर होतं, तिथं २०१६ पासून केंद्राची नॅप्स (अप्रेंटिसशिप प्रोत्साहन) योजना चालू आहे. बँक खातं आधारला लिंक करून ठेवा, नाहीतर स्टायपेंडचा सरकारी हिस्सा अडकतो. राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ ला आली, ती पण बघून ठेवा, पण मशीनचं काम शिकायचं असेल तर मी अप्रेंटिसशिपच सांगेन.

जॉइन करताना एकच गोष्ट नक्की करा, काँट्रॅक्ट पोर्टलवर रजिस्टर झालंय का ते स्वतः बघा. तोंडी "अप्रेंटिस म्हणून ये" म्हणणारे पण असतात, आणि त्यात वर्ष गेलं की हातात काहीच राहत नाही. काँट्रॅक्ट असेल तर काम करताना इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी कायद्याने कंपनीवर येते. ओव्हरटाइम सरकारी अप्रेंटिसशिप अॅडव्हायझरच्या परवानगीशिवाय करायला लावता येत नाही. मात्र अप्रेंटिसशिप संपल्यावर कंपनीने नोकरी द्यायलाच पाहिजे असं नाही, हे आधीच माहीत असू द्या. आठ-आठ महिने एकाच प्रेसवर बसवून ठेवलं तर सुपरवायझरला नम्रपणे पण लेखी सांगा की माझ्या ट्रेनिंगमध्ये पुढचे सेक्शन आहेत, मला तिकडे पाठवा. चिडून सोडून येऊ नका, आधी मागा.

रिझ्युमेमध्ये "सहा आठवडे ट्रेनिंग पूर्ण" लिहून थांबू नका. कुठला जॉब, काय मटेरियल, किती टॉलरन्स, कशाने मोजला, एक चूक आणि तिचं कारण, हे तीन ओळींत लिहा. आमच्याकडे मुलाखतीला असं लिहून आणलेला पोरगा आला की साहेब त्याच्यावरच प्रश्न विचारतात, आणि ते त्याचं घरचं मैदान असतं.

शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट हातात घेतल्यावर तिथंच उभं राहून वाचा. नाव मार्कशीटप्रमाणे आहे का, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, डिपार्टमेंट, सही, शिक्का. महिन्याने दुरुस्तीला याल तर सही करणारे साहेब कंपनी बदलून गेलेले असतात. गेट पास आणि घेतलेली टूल्स परत करा, आणि जायच्या आधी शॉपवर एक चक्कर मारून मामांना सांगून या. मागच्या वर्षीचा तो ट्रेनी जाताना पेढे घेऊन आला होता, मामांनी हात पुसून पेढा घेतला आणि खिशातला स्वतःचा जुना सहा इंची स्केल त्याला दिला.